तिसरी हाक

लोकांचे कॉम्प्युटर दुरून दुरुस्त करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. नगरला, सावेडीतल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून मी कुठल्या कुठल्या गावच्या माणसांचे पडदे माझ्या पडद्यावर उघडते, त्यांचा बाण माझ्या हाताने फिरवते आणि अडलेला प्रिंटर किंवा रुसलेला ईमेल चालू करून देते. आमच्या धंद्यात याला 'रिमोट घेणं' म्हणतात. या कामात माझा कोणी हात धरणार नाही अशी माझी समजूत होती. वडिलांच्या कॉम्प्युटरने ती आठवडाभरात खोटी ठरवली.

वडील म्हणजे आमचे अप्पा. मिरजगावात एकटे राहायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, गावात अजून 'गुरुजी'च. आई गेल्यावर नगरला चला म्हणून मी विनवण्या केल्या, भांडले, महिनाभर अबोला धरला. अप्पा ढिम्म. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसाला स्वतःच्या घरातला अंधार पाठ असतो, दुसऱ्याच्या घरातला नसतो. मी त्यांची एकुलती एक, त्यामुळे 'दुसऱ्याच्या घरातला' हे शब्द मला चांगलेच झोंबले होते.

त्यात त्यांचे कान गेले. फोनवर मी 'जेवलात का' विचारावं आणि त्यांनी 'नाही, अजून नळ आला नाही' असं सांगावं. कानातलं यंत्र आणून दिलं तर ते त्यांनी डबीत घालून देवापुढे ठेवलं. शेवटी काही विचारायचं झालं की मी शेजारच्या वहिनींना फोन करायची. त्या भिंतीवरून डोकावायच्या आणि सांगायच्या, "बरे हायेत गुरुजी. आत्ताच आमटी दिऊन आले. काळजी करू नका, ताई."

पण काळजी करायची वेळ आली होती. अप्पा दोनदा दूध आणायला लागले, दोनदा आंघोळ करायला लागले. मी त्यांना नगरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना आजचा वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. उभा जन्म फळ्यावर पृथ्वीचा गोल हाताने अचूक काढणाऱ्या माणसाने घड्याळाचे सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले. मला बाहेर बोलावून डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढणार, आता यांना एकटं ठेवू नका.

अप्पांना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड वाचायला त्यांना कान लागत नव्हते. एसटीत बसल्यावर ते आपणहून म्हणाले, "करार करू. तू तुझ्या त्या कॉम्प्युटरवरून रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरला हाक मार. मी ओ देईन. ज्या दिवशी मला ओ देता येणार नाही, त्या दिवशी येऊन मला घेऊन जा. त्याच्या आधी नाही."

मी हात पुढे केला. त्यांनी तो दाबला. त्यांना त्यांचं घर राखायचं होतं आणि मला माझे वडील.

निवृत्तीनंतर त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, कौतुकाने. आईने त्याच्यासाठी उशीच्या जुन्या अभ्र्याचं झाकण शिवलं होतं. त्यावर मी रिमोटचं सॉफ्टवेअर घातलं. मला सोयीचं म्हणून कायमचा पासवर्ड ठेवू म्हटलं, म्हणजे त्यांना काही दाबायला नको, मी थेट आत. अप्पा उखडले. "आपलं माणूस झालं म्हणून काय झालं? बाहेरून हाक मारावी, आतल्याने ओ द्यावी, मग उंबरा ओलांडावा. घराला कडी असते ती काय शोभेला?"

मग तसंच ठेवलं. मी इकडून हाक दिली की त्यांच्या पडद्यावर एक चौकट उगवायची. तीत माझ्या मशीनचं नाव आणि खाली दोन बटणं. हिरवं दाबलं की मी आत, लाल दाबलं की बाहेर. काहीच नाही दाबलं तर चौकट थोड्या वेळाने आपली आपण नाहीशी. माझ्या मशीनला मी 'लेक' असं नाव दिलं. चौकटीत 'लेक' अशी अक्षरं उगवली तेव्हा अप्पा हसले आणि म्हणाले, "पत्ता बरोबर आहे." शेजारी बसून मीच हिरवं बटण दाबून पाहिलं, सगळं झकास चाललं आणि मी संध्याकाळच्या गाडीने परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. उत्तर नाही.

मी वहिनींना फोन लावला. "वहिनी, कॉम्प्युटर चालू आहे का बघता?"

"चालू हाय की. गुरुजी म्होरंच बसल्यात."

"पडद्यावर काही आलं होतं का?"

"काय तरी आल्तं. गेलं."

आलं होतं आणि गेलं, म्हणजे जोड अर्धवट लागून तुटते आहे, असं माझ्यातल्या तज्ज्ञ बाईने ठरवलं. वहिनींना सांगून मी राउटर बंद-चालू करवला. दोन हाका दिल्या. नाही. कॉम्प्युटर झोपी जात असेल म्हणून ती सेटिंग बदलायला लावली. दोन हाका. नाही. तारीख चुकलेली असली की कधीकधी असं होतं म्हणून तारीख तपासली. व्हायरस अडवणारं सॉफ्टवेअर काही काळ बंद केलं. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर घ्यायला लावला. प्रत्येक वेळी दोन हाका आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं बंद करून चालू. शेवटी वहिनी वैतागल्या. "ताई, किती येळा बंद करायचं ह्ये? येक डाव पार इस्कटून जाईल बघा."

इथे माझ्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. नव्याने लागलेल्या मुलांना मीच तो शिकवते. एखादी गोष्ट दोनदा करून झाली नाही तर तिसऱ्यांदा तीच करू नये, थांबून कारण शोधावं. मी थांबून कारण शोधत होते.

आठवडा झाला तेव्हा माझं डोकं फिरलं. एकतर कॉम्प्युटर पार गेलाय किंवा अप्पांना हिरवं बटण आठवत नाहीये, आणि दुसरं खरं असेल तर करार पहिल्याच आठवड्यात संपला. या दुसऱ्या भीतीने मी लॅपटॉप उचलला आणि सोलापूरकडे जाणारी गाडी पकडली. मिरजगावच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत चालत गेले तोवर मनातल्या मनात त्यांची बॅग भरूनही झाली होती.

अप्पा कॉम्प्युटरसमोर बसले होते. धुतलेला सदरा, केस विंचरलेले, हात मांडीवर. मी आले म्हणून त्यांना आनंद झाला, पण उठले नाहीत. "थांब जरा, माझी मुलगी हाक मारायची वेळ आहे," म्हणाले आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मी शेजारी पाटावर बसून लॅपटॉप उघडला आणि हाक दिली.

त्यांच्या पडद्यावर चौकट उगवली. लेक. हिरवं, लाल. सगळं ठणठणीत. अप्पा तिच्याकडे बघत बसले. चौकट नाहीशी झाली.

"अप्पा! दाबा ना!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"थांब गं."

मी पुन्हा हाक दिली. पुन्हा चौकट, पुन्हा अप्पा स्वस्थ, पुन्हा चौकट गेली. मला रडू यायला लागलं. विसरले, बटण विसरले, संपलं. नुसतीच चडफडत मी आणखी एकदा बटण दाबलं. चौकट उगवली आणि अप्पांनी माऊस हातात घेऊन सरळ, न चाचपडता, हिरव्यावर टिचकी मारली.

"झालं. तीन झाल्या," ते म्हणाले.

मला एकदम आई आठवली. दिवेलागणीनंतर दारावर कोणी हाक मारली की आई ओठांवर बोट ठेवायची. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. एकदोनदा हाक मारून गप्प होतं ते माणूस नसतं, आणि येतं तेही आपल्याच माणसाचा आवाज घेऊन येतं. तिसऱ्यांदा फक्त माणूस हाक मारतो, कारण त्याला काम असतं. भावकीतले, शेजारचे सगळे आमच्या दारावर तीनदा हाक मारायचे. अप्पा मात्र आईला या पायी भंडावून सोडायचे. वर्गात भूत म्हणणाऱ्या पोराला बाकावर उभं करणारा हा माणूस. आईने ओठांवर बोट ठेवलं की हे आतून मोठ्याने 'ओ' म्हणायचे, मुद्दाम, पहिल्याच हाकेला. आई चिडायची आणि हे पोट धरून हसायचे.

मी त्यांच्या पडद्यावर एक कोरं पान उघडून टाइप केलं, 'तुम्ही कधीपासून हे पाळायला लागलात?' ऐकू येत नसलं तरी वाचायला ते पक्के होते. टायपिंग माझ्यापेक्षा झरझर.

'ती गेल्यापासून', त्यांनी लिहिलं. 'तिचं पाळण्यासारखं एवढंच राहिलंय माझ्याकडे.'

'पण ते तिन्हीसांजेनंतर असतं ना? सकाळी कशाला?'

मग अक्षरं उमटली. 'हल्ली सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, याचा मला भरवसा वाटत नाही. म्हणून सरसकट पाळतो.'

मी उठून मोरीवर गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. मी मोठ्या आवाजात रडले असते तरी अप्पांना ऐकू गेलं नसतं, पण वहिनींची भिंत लागूनच होती.

त्यानंतरचे महिने चांगले गेले, हे मला लिहून ठेवायचंय. रोज सकाळी, नवरा कामावर गेला की मी चहाचा कप घेऊन बसायची आणि तीन हाका द्यायची. पहिल्या दोन नुसत्याच, पायरीवर चप्पल काढल्यासारख्या. तिसरीला अप्पांचा पडदा माझ्या पडद्यावर उघडायचा आणि कोऱ्या पानावर आधीच लिहून ठेवलेलं असायचं, 'आलीस?'

मग आम्ही पत्ते खेळायचो. कॉम्प्युटरवरचा तो एकट्याने खेळायचा डाव. अप्पा मांडायचे आणि मी नगरहून नाक खुपसायची. एकाच बाणाला दोन हात, एक मिरजगावचा आणि एक सावेडीचा. त्यांनी किलवरची अठ्ठी उचलायला बाण न्यावा आणि मी तो खेचून दुसरीकडे न्यावा, कारण मला बदामच्या दश्शीवर जाणारी नव्वी दिसलेली असायची. बाण पडद्याच्या मध्ये थरथरत राहायचा. ते ओढायचे, मी ओढायची. मग ते खेळ सोडून कोऱ्या पानावर जायचे आणि मोठ्या अक्षरांत लिहायचे, 'हात काढ. डाव माझा आहे.'

मी हात काढायची नाही. त्या थरथरणाऱ्या बाणात मला त्यांच्या मनगटाचा जोर कळायचा. लहानपणी पंजा लढवताना कळायचा तोच. मैलोगणती दूर बसून बापाच्या हाताला हात लागावा तसं ते होतं आणि त्यासाठी मी वाट्टेल तेवढे डाव हरले असते.

पहिली पडझड मला त्या बाणातच दिसली. एका सकाळी मी नेहमीसारखी नव्वी ओढली आणि बाण सहज आला. पलीकडून ओढच नाही. मला वाटलं जोड तुटली. तपासलं, जोड छान होती. मग मी मुद्दाम चूक केली, बदामची नव्वी चौकटच्या दश्शीवर नेऊन टेकवली. लालवर लाल. खेळाने ती परत जागेवर फेकली. अप्पा असते तर 'भूगोलवाल्याची मुलगी आणि रंग कळत नाहीत' असं काहीतरी लिहून मोकळे झाले असते. कोरं पान कोरंच राहिलं. मी बाण पडद्यावर चारी दिशांना फिरवला आणि तो मी नेईन तिकडे आला. ओढा ना अप्पा, असं मी त्या पडद्याला मोठ्याने म्हणाले.

मग कधी ते लिहायचे, 'तुझी आई दळण घेऊन आली नाही अजून.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी 'येईल' असं लिहिलं. ते 'बरं' म्हणाले आणि डाव मांडून बसले.

नवरा रात्रीच्या जेवणाला विचारायचा, "अप्पा कसे आहेत?" मी म्हणायची, "ओ दिली." खोटं काहीच नव्हतं. वहिनींनी दोनदा फोन करून सांगितलं, "ताई, गॅस तसाच चालू ऱ्हायल्ता. मी बंद केला. तुमी येऊन बघा येकदा." मी गॅसची शेगडी काढून टाकायला सांगितली, जेवणाचा डबा लावला आणि करार चालू ठेवला. तिसऱ्या हाकेला ओ येत होती ना? मग ते अजून त्यांच्या घरात होते आणि मी अजून त्यांची लेक होते.

पुढे कंपनीने माझा लॅपटॉप बदलला. जुना घेऊन गेले, नवा कोरा आला. मी त्यावर सगळं चढवलं, चहा घेऊन बसले आणि तीन हाका दिल्या. तिसरीला पडदा उघडला. कोऱ्या पानावर 'आलीस?' नव्हतं.

लिहिलं होतं, 'नमस्कार. आपण कोण?'

मला वाटलं थट्टा करताहेत. मी लिहिलं, 'भूत.'

'नसावं,' त्यांनी लिहिलं. 'तीनदा हाक मारलीत. काय काम काढलंत?'

मी हसत होते. हसत हसतच लिहिलं, 'अप्पा, चला, डाव मांडा.'

'क्षमा करा, मी आपल्याला ओळखलं नाही.'

हसू तिथेच थांबलं. मी लिहिलं, 'अप्पा, मी आहे. तुमची मुलगी.' उत्तराची वाट न बघता मी लिहीत सुटले, आईचं नाव, आमच्या जुन्या कुत्र्याचं नाव, पंजा लढवताना ते मुद्दाम हरायचे ते. पानभर लिहिलं. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी खाली सभ्यपणे लिहिलं:

'आपल्याला बरीच माहिती दिसते. परंतु माझी मुलगी अशी येत नाही. ती आली की वर लेक असं दिसतं. आता आपण कृपया आवरतं घ्यावं. तिची यायची वेळ झाली आहे.'

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. आलेल्या माणसाचं नाव तिथे दिसतं. नव्या लॅपटॉपला कंपनीने दिलेलं नाव होतं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. नाव बदलायचं मी विसरले होते.

बिघाड सापडला होता. असा बिघाड सापडला की गिऱ्हाईक 'वा मॅडम' म्हणतं. मी जोड तोडली, सेटिंग उघडली, नाव बदलून 'लेक' केलं. दोन अक्षरांचं नाव, पण ते नीट उमटेपर्यंत मला दोनदा खोडावं लागलं. मग पुन्हा एक हाक. दुसरी. तिसरी.

पडदा उघडला. आधीचं पानभर लिहिलेलं त्यांनी पुसून टाकलं होतं. 'आलीस?' असं लिहिलेलं होतं. आणि खाली, 'आत्ताच कोणीतरी येऊन गेलं.'

'कोण होतं?' मी विचारलं.

'माहीत नाही. तुझं नाव सांगत होतं. पण माणूस वाईट नसावं. जा म्हटल्यावर लगेच गेलं.'

त्या दिवशी आम्ही एक पूर्ण डाव खेळलो. बाण मीच फिरवला.

संध्याकाळच्या आत मी आणि नवरा गाडी घेऊन मिरजगावला गेलो. कराराप्रमाणे पाहिलं तर अप्पांनी ओ दिली होती, शब्द पाळला होता. करार मी मोडला. ते भांडले असते तर बरं झालं असतं, मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांनी विचारलंच नाही. कॉम्प्युटरवर आईचं झाकण नीट ओढून घेतलं आणि 'हे बरोबर घ्यायचं' असं खुणेने सांगितलं. वहिनी फाटकाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "गुरुजी, कवा यायचं माघारी?" त्यांनी अगदी अप्पांच्या कानाशी जाऊन विचारलं. अप्पा म्हणाले, "चार दिवसांत येतो." वहिनींनी किल्ली कमरेला खोचली. कॉम्प्युटर आम्ही गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला आणि अप्पा वाटभर त्याच्यावर हात ठेवून बसले.

सावेडीतल्या घरात मी त्यांना मागची खोली दिली. सकाळी चहा नेऊन दिला तेव्हा ते अदबीने उठून उभे राहिले. "आपल्याला फार तसदी, बाई," म्हणाले. मी समोर बसून त्यांचा हात हातात घेतला, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, लग्नाचे फोटो दाखवले. त्यांनी प्रत्येक फोटो पाहून मान डोलावली. "मुलगी छान आहे आपली," म्हणाले. माझ्या कपाळावर कुठे लेक असं उमटत नव्हतं.

पण रोज सकाळी ठरल्या वेळी ते धुतलेला सदरा घालून, केस विंचरून, त्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसत. तो नुसता टेबलावर ठेवलेला होता, जोडलेलासुद्धा नव्हता. हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्याकडे बघत बसत. कशाची वाट बघताहेत ते त्या घरात फक्त मलाच माहीत होतं.

मी तो जोडला. मागच्या खोलीत वायफाय पोचेना, मधली भिंत जाड. मग लांब वायर आणून भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या फटीतून आत नेली. नवरा बघत होता. "अगं, भिंतीपलीकडेच तर आहेत ते," एवढंच म्हणाला आणि मग वायर धरायला लागला.

आता रोज असं चालतं. मी त्यांना चहा देते, ते मला नमस्कार करतात. मग मी स्वयंपाकघर ओलांडून माझ्या टेबलावर येते आणि तीन हाका देते. तिसरीला माझा पडदा उघडतो.

'आलीस?'

'आले, अप्पा. कसे आहात?'

'बरा आहे. इथे एका बाईंकडे उतरलो आहे. चांगल्या आहेत. चहात आलं घालतात, तुझी आई घालायची तसं.'

कधी डाव मांडतात, कधी नुसतेच लिहीत बसतात. काल लिहिलं, 'त्या बाईंचे डोळे सारखे लाल असतात. काही दुःख असावं. मी परका, विचारणं बरं दिसत नाही. तू आलीस की तू विचार.'

'विचारते,' मी लिहिलं.

आज त्यांनी लिहिलं, 'मला न्यायला कधी येतेस? चार दिवस होऊन गेले असावेत.'

मला लिहावंसं वाटलं की मी इथेच आहे, मागे वळून दारातून पाहा, ही लाल डोळ्यांची बाई तुमचीच आहे. पण तसं मी एकदा पानभर लिहून पाहिलं होतं आणि त्यांनी मला सभ्यपणे घालवून दिलं होतं. आता जी जागा शिल्लक आहे तीही घालवायची माझी हिंमत नाही. मी लिहिलं, 'लवकरच.'

'बरं. बाईंना सांगून ठेवतो. त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल.'

पडद्यावरचा बाण थांबला. पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मग भिंतीपलीकडून, ऐकू न येणारी माणसं मारतात तशी मोठ्याने, हाक आली, "अहो बाई!"

मी पहिल्याच हाकेला ओ दिली.